माळ्यावरचा संगणक

आमच्या घरांत माळा नांवाची जी जागा आहे, तेथें एकदां चढलेली वस्तु सहसा खालीं उतरत नाहीं. काळवंडलेली समई, फुटक्या कांचेचा कंदील, आमच्या शाळेंतील बक्षिसांचीं पुस्तकें, आणि सौभाग्यवतींनीं "लागतील कधीं तरी" म्हणून जपून ठेवलेले रिकामे खोके, ह्या मंडळींच्या सहवासांत इ. स. २०१८ पासून एक संगणक पडून होता. तो आमच्या वडिलांनीं २००९ सालीं घेतलेला. त्यापूर्वीं दोनच वर्षें ते शाळेंतून निवृत्त झाले होते. तीस वर्षें मुलांस मराठी शिकविल्यावर आतां आपण कांहीं तरी नवें शिकावें, अशी त्यांस हौस आली होती. त्या संगणकावर ते पत्रें लिहीत, जुन्या विद्यार्थ्यांचे पत्ते नोंदवीत, आणि रविवारीं तबकडी घालून एखादा जुना बोलपट पाहत. पुढें आम्हीं मांडीवर ठेवावयाचा नवा संगणक घेतला, आणि "हा आतां चालत नाहीं" असें ठरवून जुना माळ्यावर टाकला. तो चालत नव्हता असें नव्हे; तो सावकाश चालत होता.

बाबांचा कान २०२० च्या सुमारास मंद होऊं लागला. प्रथम ते टेलिव्हिजनसमोर बसून "आवाज वाढव" म्हणत. लगेच स्वयंपाकघरांतून "कमी करा" अशी आज्ञा येई. आणि आमची कन्या दोन्ही हातांनीं कान झांकून भूगोल वाची. पुढें बाबांनीं "आवाज वाढव" म्हणणें सोडून दिलें. रात्रीचें जेवण झालें कीं ते ओसरीवर जाऊन बसत. आम्ही समजलों कीं, वयोमानानें त्यांचें मन ह्या गोष्टींतून निघालें. शेजाऱ्यापाजाऱ्यांस आम्हीं तसें सांगितलेंहि, आणि त्यांत थोडा अभिमानहि होता. आमचे वडील आतां विरक्त झाले आहेत! वस्तुतः ते विरक्त वगैरे कांहीं झाले नव्हते. त्यांस ऐकूं येत नव्हतें, आणि तें पुनःपुन्हां सांगण्याचा त्यांस संकोच वाटूं लागला होता. एवढी गोष्ट आमच्या ध्यानांत येण्यास दोन वर्षें लागलीं.

कानाच्या डॉक्टरांनीं त्यांस तपासून एक आलेख काढून दिला. त्यांत डाव्या बाजूस रेघ बरीच वर होती, आणि उजवीकडे ती डोंगराच्या कड्याप्रमाणें खालीं उतरली होती. डॉक्टरांनीं त्याचा अर्थ समजावून सांगितला. उतारवयांत कान सर्वच आवाजांस सारखा बहिरा होत नाहीं. प्रथम उंच पट्टीचे आवाज जातात. बोलण्यांतील स्वर खालच्या पट्टींत असल्यामुळें ऐकूं येतात. परंतु स, श, त, थ, क अशा कित्येक व्यंजनांची ओळख जींवर अवलंबून आहे ती बारीक खसखस उंच पट्टींतील असल्यामुळें नाहींशी होते. म्हणून वृद्ध मनुष्य "ऐकूं येतें, पण कळत नाहीं" अशी तक्रार करतो, ती अगदीं खरी असते. आणि अशा वेळीं नुसतें मोठ्यानें ओरडून उपयोग होत नाहीं. हें ऐकून बाबा हंसले व म्हणाले, "जन्मभर मुलांस स्वर-व्यंजनें शिकविलीं. आतां स्वर राहिले, व्यंजनें निघून गेलीं." श्रवणयंत्र घेतलें, परंतु त्यांतून माणसाच्या बोलण्याबरोबर कुकरची शिट्टीहि दुप्पट मोठी ऐकूं येते म्हणून तें बहुतेक वेळ टेबलाच्या खणांतच असे.

२०२३ सालच्या दिवाळींत घर आवरतांना आमच्या कन्येस (ती तेव्हां नववींत होती) कपाटाच्या मागें एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा सांपडला. त्यांत बाबांच्या बोलपटांच्या एकोणीस तबकड्या होत्या, आणि त्यांतील प्रत्येकीच्या कागदी पाकिटावर त्यांनीं आपल्या वळणदार अक्षरांत बोलपटाचें नांव व साल लिहिलें होतें. 'संत तुकाराम', १९३६. 'कुंकू', १९३७. 'माणूस', १९३९. 'शेजारी', १९४१. 'श्यामची आई', १९५३. डबा पाहून बाबांनीं 'शेजारी'ची तबकडी हातांत घेतली, उजेडाकडे धरून उलटसुलट पाहिली, आणि पुन्हां पाकिटांत घातली. म्हणाले, "ही आतां कशावर लावणार?" प्रश्न बरोबर होता. तबकड्या वाजविण्याचें यंत्र मागेंच बिघडून भंगारांत गेलें होतें. भिंतीवरील त्रेचाळीस इंचांच्या टेलिव्हिजनला जगांतील सर्व गोष्टी येतात, पण तबकडी आंत घ्यावयास तोंड नाहीं. तबकडीस तोंड असलेलें एकच यंत्र घरांत उरलें होतें, आणि तें माळ्यावर होतें.

येथें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे कीं, संगणक खालीं उतरविला तो केवळ पितृभक्तीनें नव्हे. समोरच्या घरीं नुकतेंच एक फार किंमतीचें घरगुती चित्रगृह आलें होतें, आणि तसेंच कांहीं तरी दहा हजारांच्या आंत करून दाखवावें, अशी ईर्षा आमच्या मनांत होती. पुष्कळशीं चांगलीं कामें अशा मिश्र हेतूंनींच सुरू होत असावींत.

पेटी उघडली तेव्हां आंत धुळीचा असा थर होता कीं, पंख्याचीं पातीं ओळखूं येईनात. विद्यार्थिमित्रांनो, तुम्हीं हें काम कराल तर प्रथम विजेची तार भिंतींतून काढा, आणि वीजपुरवठ्याची जी लोखंडी डबी आंत असते ती कधींहि उघडूं नका. तार काढल्यावरहि तींतील धारित्रांत घातक वीज कांहीं काळ सांठलेली राहते. हात लावण्यापूर्वीं पेटीच्या उघड्या लोखंडास स्पर्श करावा, म्हणजे अंगावरील स्थिर वीज निघून जाते व नाजुक भाग बचावतात. धूळ मऊ कुंचल्यानें काढावी, आणि फुंकणीनें वारा मारतांना पंखा बोटानें धरून ठेवावा. आमच्या संगणकाचा मेंदु इंटेल कंपनीचा 'कोअर टू ड्युओ ई ७५००' ह्या जातीचा निघाला. दोन गाभ्यांचा, २.९३ गिगाहर्ट्‌झ गतीचा. त्याच्या डोक्यावर ॲल्युमिनियमचा जो उष्णताशोषक बसविलेला असतो, त्या दोहोंच्या मधला लेप वाळून खडूसारखा झाला होता. ह्या लेपाचें काम दोन पृष्ठांमधील सूक्ष्म फटी भरून उष्णता पलीकडे पोंचविण्याचें. तो वाळला कीं मेंदु तापतो, आणि तापला कीं स्वतःचें रक्षण करण्यासाठीं आपण होऊन मंद चालतो. जुना लेप स्पिरिटानें पुसून नव्याचा वाटाण्याएवढा ठिपका ठेवला. एवढ्यानें उष्णतामान पाऊणशें अंशांवरून पन्नासांच्या आंत उतरलें. पांच वर्षांपूर्वीं ज्यास आम्हीं म्हातारपण समजून माळ्यावर टाकलें होतें, त्यांतील निम्में तर धूळच होती.

पुढची सामग्री आणण्यास आम्ही साताऱ्याहून पुण्यास, बुधवार पेठेंतील तपकीर गल्लींत गेलों. ज्यांनीं ती गल्ली पाहिली नाहीं त्यांनीं एकदां अवश्य पाहावी. नांवांत तपकीर असली तरी शिंका येण्याचें तेथें कारण नाहीं. दोहों बाजूंस तारा, दिवे, कर्णे, खटके, पट्ट्या ह्यांचीं दुकानें अशीं खेटून उभीं आहेत कीं, दोन माणसें समोरासमोर आलीं तर एकानें दुकानांत शिरून वाट द्यावी. आम्हीं मोठ्या आत्मविश्वासानें "दोन दोन जीबीच्या दोन रॅम द्या" असें सांगितलें. दुकानदारानें "डीडीआर किती?" असें विचारलें. आमच्या आत्मविश्वासास तो प्रश्न अपमानकारक वाटला, आणि आम्हीं तोंडास येईल तें उत्तर दिलें, "तीन." घरीं येऊन पाहतों तों पट्टी बसेना. दोहों जातींच्या पट्ट्यांची लांबी सारखीच आणि टोकेंहि सारखींच, २४०. परंतु मधली खांच किंचित् सरकलेली. तिसऱ्या जातीस दीड व्होल्ट लागतो आणि दुसऱ्या जातीस १.८, म्हणून चुकीची पट्टी बसूंच नये, अशी ही योजना केलेली आहे. आम्ही तरीहि जोर लावण्याच्या बेतांत होतों. कन्येनें हात धरला. दुसऱ्या खेपेस दुकानदारानें पट्ट्या कुरकुर न करितां बदलून दिल्या, हें त्याच्या सज्जनपणास शोभेसेंच झालें.

चित्रासाठीं एनव्हिडिया कंपनीचें 'जी-टी ७१०' नांवाचें कार्ड घेतलें. जुन्या संगणकास फक्त निळ्या रंगाचें, पंधरा छिद्रांचें व्ही-जी-ए तोंड होतें, आणि आमच्या टेलिव्हिजनला एचडीएमआय लागतें. ह्या एका तारेंतून चित्र व ध्वनि दोन्ही जातात. हें कार्ड २०१६ सालीं बाजारांत आलेलें, अगदीं सामान्य प्रतीचें. खेळ खेळणारीं मुलें त्यास हंसतील. परंतु त्याचे तीन गुण आमच्या उपयोगाचे होते. तें एकोणीस वॉटच वीज खातें, त्यामुळें जुन्या वीजपुरवठ्यावर भार पडत नाहीं. आम्हीं घेतलेल्या नमुन्यास पंखा नाहीं, त्यामुळें घरघर नाहीं. आणि २००३ सालीं ठरलेल्या एच-२६४ पद्धतीचें चित्र तें स्वतः उलगडतें, मेंदूस त्रास देत नाहीं. मात्र २०१३ सालची जी पुढची पद्धति, एचईव्हीसी, ती त्यास येत नाहीं. हल्लींचे पुष्कळ फोन ह्याच पद्धतीनें चित्रण करतात. त्यामुळें आमच्या भाच्याच्या लग्नाचें चित्रण लावतांच अंतरपाट दूर झाला, नवरा-नवरी हार घेऊन उभीं राहिलीं, आणि तशींच उभीं राहिलीं. शेवटीं तें चित्रण रात्रभर संगणक चालू ठेवून जुन्या पद्धतींत उतरवून घेतलें, तेव्हां कोठें हार गळ्यांत पडले.

फिरत्या चकतीच्या जागीं २४० जीबीची, आंत कांहींच न फिरणारी नवी चकती बसविली. सर्व खर्चांत डोळ्यांस तात्काळ दिसणारा फरक पडला तो हिच्यानें; पूर्वीं संगणक जागा होईपर्यंत चहा होत असे, आतां भांडें चुलीवर ठेवीपर्यंत तो हजर असतो. जुनी चकती बोलपट सांठविण्यास तशीच ठेवली. विंडोज सेव्हनचा आधार त्या कंपनीनें १४ जानेवारी २०२० रोजींच काढून घेतला होता. म्हणून लिनक्स मिंट ही विनामूल्य प्रणाली, तिच्या हलक्या आवृत्तींत, घातली, आणि तीवर पडद्यावरून बोलपट निवडण्याकरितां कोडी नांवाचा कार्यक्रम. एवढें करून इंटरनेट लावावें तों एकहि सुरक्षित पान उघडेना. दोन तास आम्हीं तारा तपासल्या. शेवटीं कन्येनें पडद्याच्या कोपऱ्यांतील घड्याळाकडे बोट दाखविलें. तेथें १ जानेवारी २००९ ही तारीख होती. आंतील तीन व्होल्टचा बटणासारखा घट संपला होता, आणि त्यामुळें दर वेळीं संगणक जन्मदिवसाकडे परत जाई. साहजिकच २०२३ सालीं दिलेलीं प्रमाणपत्रें त्यास भविष्यांतील, म्हणून खोटीं, वाटत. चाळीस रुपयांच्या घटानें तो वर्तमानांत आला.

हिशेब विचारणाऱ्यांसाठीं सांगतों. कार्डास ३,४००, नव्या चकतीस १,३५०, पट्ट्यांस ८००, बिनतारी कळफलकास ९००, कर्णसंच व त्याच्या लांब तारेस ७००, आणि एचडीएमआय तार, लेप व घट मिळून ४४०. एकंदर ७,५९० रुपये. त्यांत पुण्याच्या दुसऱ्या खेपेचें एसटीचें भाडें धरलेलें नाहीं. तें हा अंक प्रसिद्ध होईपर्यंत सौभाग्यवतींसहि सांगितलेलें नाहीं.

त्या दिवसांत क्रिकेटच्या विश्वचषकाचे सामने चालू असल्यामुळें टेलिव्हिजनला हात लावण्यास घरांतून परवानगी नव्हती. १९ नोव्हेंबरचा अंतिम सामना भारत हरला, आणि दुसऱ्या दिवशीं कोणासच टेलिव्हिजनकडे पाहवेना. त्या शोकाचा फायदा घेऊन आम्हीं तार जोडली. 'शेजारी'ची पहिली तबकडी आंत घातली. पडद्यावर माणसें आलीं, पण सर्वच आडवीं फुगलेलीं. जुन्या बोलपटाची चौकट चारास तीन ह्या प्रमाणांतील, आणि आतांचा पडदा सोळास नऊ. टेलिव्हिजनने ती ओढून ताणून भरली होती. तें दुरुस्त केलें. मग चालणारीं माणसें ठेंचाळल्यासारखीं दिसूं लागलीं. तबकडींत सेकंदास पंचवीस चित्रें आणि पडदा साठ वेळां उजळणारा; साठास पंचवीसांनीं भाग जात नाहीं, म्हणून कांहीं चित्रें दोनदां व कांहीं तीनदां दिसतात. पडदा पन्नासावर आणतांच चाल सुधारली. चित्र मात्र पुसटच राहिलें. १९९३ सालीं ठरलेल्या ह्या तबकड्यांवर एका चित्रांत ३५२ ठिपके आडवे व २८८ उभे एवढेंच मावतें. त्रेचाळीस इंचांवर तें रांगोळीवरून मांजर गेल्यासारखें दिसतें. खुर्च्या चार हात मागें घेतल्या.

बाबांसाठीं आम्हीं विशेष व्यवस्था केली होती. लिनक्समध्यें एकच ध्वनि दोन वाटांनीं सोडतां येतो. एक वाट टेलिव्हिजनकडे आणि दुसरी बाबांच्या कर्णसंचाकडे. कर्णसंचाचा आवाज निराळा वाढवितां येई, आणि त्यांतील दोन हजार कंपनांपुढचे आवाज आम्हीं डॉक्टरांच्या आलेखाकडे पाहून चढविले होते. बिनतारी कर्णसंच घेतला असता तर आवाज ओठांच्या मागून धांवला असता, म्हणून तारेचाच घेतला. बाबा ओसरीवरून आले, कर्णसंच घालून खुर्चींत बसले. आम्ही पडद्याकडे न पाहतां त्यांच्याकडेच पाहत होतों. पंधरा मिनिटें ते स्थिर बसले. मग त्यांनीं कर्णसंच काढून गुडघ्यावर ठेवला, आणि आम्हांस वाईट वाटूं नये अशा स्वरांत म्हणाले, "छान केलेंस. आवाज स्वच्छ येतो. शब्द नाहीं कळत." ऐंशी वर्षांपूर्वींचें ध्वनिमुद्रण मुळांतच घासलेलें, त्यांत जें व्यंजन नाहीं तें चढवून चढवून किती चढविणार? ते उठून ओसरीवर गेले. आम्हीं संगणक बंद केला. सात हजार पांचशें नव्वद रुपयांत समोरच्या घराची बरोबरी झाली होती, आणि जें करावयाचें होतें तें झालें नव्हतें.

त्या रात्रीं कन्या म्हणाली, "इंग्रजी सिनेमाच्या खालीं अक्षरें येतात, तशीं आजोबांसाठीं मराठींत कां नाहीं घालायचीं?" आम्हीं म्हटलें, "मराठी बोलपटास मराठी अक्षरें कोण घालील?" ती म्हणाली, "आपण."

ही गोष्ट वाटते तितकी कठीण नाहीं, पण वाटते त्यापेक्षां फार लांब आहे. अक्षरांची फाईल म्हणजे साधा मजकूर. पहिल्या ओळींत संवादाचा अनुक्रमांक. दुसऱ्या ओळींत तो कोणत्या तास-मिनिट-सेकंदास दिसावा व केव्हां पुसावा. तिसऱ्या ओळींत संवाद. मग एक ओळ कोरी. एवढेंच. बोलपटाच्या फाईलीस जें नांव तेंच हिला दिलें कीं कार्यक्रम आपण होऊन दोहोंची जोडी लावतो. आम्हीं प्रथम दहा संवाद लिहून लावून पाहिले. पडद्यावर अक्षरांच्या जागीं दहा ओळी रिकाम्या चौकटी आल्या, कारण ठरलेल्या टंकांत देवनागरी अक्षरेंच नव्हतीं. देवनागरी टंक घातल्यावर तीं आलीं. पूर्वीं हीहि सोय नव्हती. जुन्या चकतीवर बाबांनीं २०१० सालीं लिहिलेलीं पत्रें आम्हीं उघडलीं, तर त्यांत रोमन अक्षरांची नुसती खिचडी दिसली. त्या काळच्या कित्येक टंकांत 'क'ची आकृति एखाद्या इंग्रजी अक्षराच्या खुर्चीवर बसविलेली असे, आणि तो टंक गेला कीं 'क'हि जाई. युनिकोडमध्यें 'क'ला २३२५ हा त्याचा स्वतःचा अंक आहे. टंक बदलला तरी तो 'क'च राहतो.

मग दोन महिने दररोज रात्रीं अर्धा तास आम्ही दोघें बसत होतों. कन्या ऐके व सांगे, आम्ही टंकलेखन करूं. कांहीं दिवसांनीं तिला आमचा वेग असह्य झाला, आणि कामें उलट झालीं. एक ओळ सहा-सहा वेळां ऐकावी लागे. चुका विचित्र होत. एकदां सर्व अक्षरें दोन सेकंद आधीं पडूं लागलीं, आणि मनुष्य तोंड उघडण्यापूर्वींच त्याचें उत्तर खालीं उमटूं लागलें. तबकडी दुसरी सुरू झाली कीं वेळ पुन्हां शून्यापासून मोजावी लागते, हें आम्ही विसरलों होतों व दीडशें ओळी पुन्हां लिहिल्या. बाबांस ह्यांतील कांहीं सांगितलें नव्हतें. ते ओसरीवरून, दिवा जळतो आहे एवढें पाहत असावेत.

'शेजारी'ची गोष्ट ज्यांस ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं थोडक्यांत: एका गांवांत एक हिंदु व एक मुसलमान असे दोन म्हातारे जिवलग शेजारी, धरणाच्या कामावरून त्यांच्यांत वितुष्ट येतें, आणि शेवटीं धरण फुटतें. व्ही. शांताराम ह्यांनीं तो प्रभात कंपनीसाठीं काढला. केशवराव दाते व गजानन जागीरदार हे त्यांतील दोन म्हातारे. कांहीं प्रसंगीं हे दोघे एकमेकांशीं न बोलतां नुसते पाहतात. तेथें आम्हांस एकहि ओळ लिहावी लागली नाहीं, आणि रात्रीचें काम लवकर आटोपलें, ह्याबद्दल आम्ही त्या उभयतां नटांचे फार ऋणी आहों.

जानेवारी २०२४ च्या अखेरीस एका रविवारीं संध्याकाळीं पुन्हां खुर्च्या मांडल्या. बाबा "कशाला?" म्हणाले, पण आले. कर्णसंच घातला. पहिला संवाद आला, आणि खालीं काळ्या पट्टीवर ठसठशीत पिवळ्या अक्षरांत तोच संवाद उमटला. बाबा पुढें वांकले. दुसरा आला, तिसरा आला. त्यांचे ओठ हालूं लागले. जुन्या संवयीनें ते मनांतल्या मनांत वाचीत होते. सौभाग्यवतींनीं आमच्याकडे पाहिलें. दहा मिनिटें अशीं गेलीं. नंतर बाबांनीं एकाएकीं हात वर करून मोठ्यानें सांगितलें, "थांबवा!"

आमच्या काळजांत धस्स झालें. कन्येनें चित्र थांबविलें. बाबा उठले, पडद्याजवळ गेले, आणि एका शब्दावर बोट ठेवून म्हणाले, "हें कोणी लिहिलें?"

शब्द 'दुसऱ्या' असा हवा होता, आणि तेथें 'र' माथ्यावर चढून रफार झाला होता. बाबांनीं तेथेंच पडद्यासमोर उभें राहून आम्हां तिघांस दर्या व दऱ्या ह्यांतील भेद सांगितला. एक समुद्र आणि दुसऱ्या डोंगरांतल्या, आणि रफार कोठें द्यावा व अर्धा 'र' कोठें. तीस वर्षें ज्या आवाजानें वर्ग चालविला तो आवाज आम्हीं बऱ्याच दिवसांनीं ऐकला. आम्हीं दोष कळफलकावर ढकलण्याचा प्रयत्न केला. कन्येनें लगेच शोधून काढलें कीं, इनस्क्रिप्ट कळफलकांत 'र'च्याच कळीवर, शिफ्ट दाबून, तो निराळा 'ऱ' आहे. म्हणजे तोहि आधार गेला. बाबा खुर्चींत परत बसले आणि म्हणाले, "कागद-पेन्सिल आण." त्या संध्याकाळीं बोलपट संपण्यास साडेचार तास लागले. मधून मधून हात वर होई, चित्र थांबे, आणि कागदावर एक ओळ वाढे. शेवटच्या धरण फुटण्याच्या प्रसंगीं मात्र हात वर झाला नाहीं. तेथेंहि दोन ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होत्या, हें त्यांनीं दुसऱ्या दिवशीं सांगितलें.

एकंदर चुका १८७ निघाल्या. कन्येनें त्या सर्व दुरुस्त केल्या; आजोबांनीं मूळ कागद तपासून, तळाशीं तारीख घालून, सही केली. तो कागद बिस्किटांच्या डब्यांत 'शेजारी'च्या पाकिटाबरोबर ठेवला आहे.

तेव्हांपासून कामाची वांटणी अशी ठरली आहे: कन्या ऐकून लिहिते, आम्ही वेळा लावतों, आणि बाबा दुपारीं, घर निवांत असतांना, स्वतः संगणक सुरू करून तपासतात. कर्णसंच ते हल्लीं क्वचित् घालतात. श्रवणयंत्र मात्र खणांतून बाहेर आलें आहे, कारण चुकलेला शब्द मुळांत काय आहे हें नातीस विचारून खात्री करून घेतांना तिचें उत्तर ऐकूं यावें लागतें. रात्रीं जेवणानंतर ते आमच्यांत बसतात, आणि बातम्यांच्या पट्टींतील अशुद्धें मोठ्यानें वाचून दाखवितात. त्यावरून घरांत "आवाज कमी करा" अशी आज्ञा पुन्हां होऊं लागली आहे. ती आतां टेलिव्हिजनला उद्देशून नसते.

एकोणीसांपैकीं पांच बोलपट पुरे झाले. 'कुंकू'चे ७१४ संवाद लिहून झाले आहेत. पुढचे लिहावयाचे आहेत, परंतु कन्येची वार्षिक परीक्षा होईपर्यंत काम बंद ठेवावें, असें तिच्या आजोबांनीं तिला लेखी कळविलें आहे.